खोट्याची पाटी

त्या विज्ञान संग्रहालयात प्रत्येक मॉडेलला दोन पाट्या असत. वरची पाटी सगळीकडे असते तशीच: हे काय आहे, कसं चालतं, हात लावावा की लावू नये. खालची पाटी मात्र दुसरीकडे कुठे बघायला मिळाली नसती. तिला खोट्याची पाटी म्हणत. मॉडेल कुठे कुठे खोटं बोलतंय ते तिच्यावर लिहिलेलं असे. सूर्यमालेखाली लिहिलं होतं, ‘ग्रह इतके जवळ नसतात. खरं अंतर दाखवायचं तर शेवटचा ग्रह बसथांब्यापलीकडे कितीतरी लांब ठेवावा लागला असता, आणि त्याला परवानगी मिळाली नाही.’ हृदयाखाली, ‘खरं हृदय इतकं स्वच्छ नसतं.’ ज्वालामुखीखाली फक्त तीन शब्द होते: ‘साबणाचं पाणी आहे.’

ही पद्धत पाडली होती वर्कशॉपच्या जुन्या प्रमुखाने. मॉडेल करायचं म्हणजे खोटं बोलावंच लागतं, त्याला इलाज नाही, पण मग ते निमूटपणे कबूल करावं, असं त्याचं म्हणणं. तो अचानक गेला आणि वर्कशॉप त्याच्या बायकोकडे आलं. ती तेव्हा तिथेच लेथवर होती. लोकांना वाटलं, बिचारीवर जबाबदारी येऊन पडली. खरं तर निम्मी मॉडेलं पहिल्यापासून तिचीच होती, नवऱ्याचा हात पाट्या लिहिण्यात जास्त चाले. संग्रहालयात सगळे तिला बाई म्हणत.

मॉडेलमधलं खोटं शोधून काढायचं काम होतं बाईंच्या नणंदेचं. ह्या अणुविज्ञानाच्या प्राध्यापिका, आता निवृत्त, संग्रहालयाच्या सल्लागार. बाई त्यांना वन्सं म्हणत आणि त्या बाईंना वहिनी. दोघी एकाच घरात राहत. ज्याच्यामुळे त्या एकमेकींच्या कोणीतरी लागत होत्या तो माणूस जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण वेगळं राहायचा विषय कुणी काढला नव्हता. विषय काढायचा म्हणजे बोलावं लागतं, आणि त्या दोघींचं बोलणं भाजीत मीठ आणि मॉडेलमध्ये खोटं एवढ्यापुरतंच असे. वन्सं दोन्ही बाबतीत स्पष्टवक्त्या होत्या. नव्या मॉडेलभोवती त्या चष्मा कपाळावर सरकवून फिरत, मग चष्मा खाली घेऊन फिरत, आणि शेवटी म्हणत, “वहिनी, हे असं नसतं.” बाईंच्या अंगाचा तिळपापड होई. मग त्या पाटीचा पत्रा कापायला घेत.

तर अशा ह्या संग्रहालयात नवे संचालक आले. ते आधी विमानतळावर माहितीचे पडदे बसवत असत, आणि जगात जे काही सांगण्यासारखं आहे ते पडद्यावर सांगता येतं अशी त्यांची श्रद्धा होती. माणूस वाईट नव्हता. सगळ्यांशी गोड बोले आणि बोलताना मान हलवे. अणुगर्भाचं नवं दालन उघडायचं ठरलं तेव्हा त्यांनी बाईंना खोलीत बोलावलं.

“बाई, लोक खालच्या पाटीचे फोटो काढतात आणि हसतात. आपण विज्ञानाचं संग्रहालय आहोत. आपणच लिहायचं की हे खोटं आहे?”

“खोटं आहे म्हणून लिहितो,” बाई म्हणाल्या.

“तेच म्हणतो मी. नव्या दालनात खालची पाटी नको. मॉडेलच असं करा की पाटी लागणार नाही. रंग माफ, आकार माफ, अणुगर्भ काही डोळ्याला दिसत नाही हे मलाही कळतं. पण ते वागेल ते खरं हवं. समितीसमोर तुमच्या वन्संनी सही करायची, यात खोटं काही नाही म्हणून. सही झाली तर वर्कशॉप आहे तसं राहील. नाही झाली तर मात्र मी पडदा लावतो. मग वर्कशॉपचं काय करायचं, तिथे उपाहारगृह छान होईल. उजेड चांगला आहे.”

उजेड चांगला होता हे खरंच. पूर्वेच्या तीन खिडक्या, खाली लांब बाक, बाकाच्या कडेला लेथ, आणि भिंतीवर हत्यारांच्या आकृत्या काढून ठेवलेल्या, म्हणजे कानस जागेवर नसेल तर भिंतच सांगे. बाई परत आल्या आणि त्या भिंतीकडे बघत स्टुलावर बसल्या. ह्या खोलीबाहेर त्यांना काही येत नव्हतं, आणि यायला हवं असं आजवर कधी वाटलंही नव्हतं.

दाखवायचं काय हे वन्संनी जेवताना सांगितलं. सगळ्यात साधा जोड घ्या. एक प्रोटॉन, एक न्यूट्रॉन. दोघांचं वेगवेगळं वजन करा आणि बेरीज करा. मग दोघं चिकटल्यावर वजन करा. ते बेरजेपेक्षा कमी भरतं.

“कमी कसं भरेल?” बाईंनी विचारलं. हे त्यांनी पूर्वी ऐकलं नव्हतं असं नाही, पण करायला घेतलं की ऐकलेलं सगळं पुसून जातं.

“चिकटताना ऊर्जा बाहेर पडते. जेवढी ऊर्जा गेली तेवढं वजन गेलं. परत तोडायचे तर तेवढी ऊर्जा परत द्यावी लागते.”

“कोण देणार?”

“ज्याला तोडायचेत तो,” वन्सं म्हणाल्या आणि भाजीत मीठ कमी आहे असंही म्हणाल्या.

बाईंनी लेथवर दोन लोखंडी गोळे काढले. लाल तो प्रोटॉन, करडा तो न्यूट्रॉन. आत लोहचुंबक बसवले. दोन्ही गोळे एका पन्हळीत ठेवून जवळ सरकवले की खाड्कन चिकटत, आणि त्या धक्क्याने करड्या गोळ्याच्या पोटातून एक पोलादी गोळी उडून पुढच्या वाटीत पडे. गोळी बाहेर, वजन कमी. पन्हळीखाली वजनकाटा, काट्याची तबकडी थाळीएवढी, लांबूनही दिसावी अशी. बाईंना स्वतःचंच कौतुक वाटलं. त्यांनी वन्संना बोलावलं.

वन्सं चष्मा कपाळावर नेऊन फिरल्या, खाली घेऊन फिरल्या. “वहिनी, हे असं नसतं. इतकं कमी होत नाही. हजारात एक भाग होतं, त्याच्याहून थोडं जास्त. तुमचं शंभरात दहा झालंय.”

बाईंनी दात-ओठ खात मोठे गोळे केले. इतके मोठे की एकेक उचलायला पहारेकऱ्याला बोलवावं लागलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याची कंबर धरली. गोळी मात्र लहानशीच ठेवली, आणि तेवढा फरक दाखवणारा नाजूक काटा कुठून तरी पैदा केला.

“न्यूट्रॉन प्रोटॉनपेक्षा किंचित जड असतो,” वन्सं म्हणाल्या.

बाईंनी करड्या गोळ्यात किंचित शिसं ओतलं.

“आणि हे हाताने ओढले की सुटतात. गोळी कुठे परत दिली तुम्ही?”

बाईंनी आत एक खटका बसवला. आता वाटीतली गोळी उचलून करड्या गोळ्याच्या भोकात टाकल्याशिवाय जोड सुटतच नसे. पहारेकऱ्याने दुखऱ्या कमरेसकट जोर लावून बघितला. ढिम्म. गोळी टाकली आणि दोघं अलगद बाजूला झाले. ह्यावर वन्संनी मान डोलावली, आणि बाईंचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात वन्सं म्हणाल्या, “सुटा न्यूट्रॉन असा बसून राहत नाही.”

“आता त्याला काय झालं?”

“एकटा पडला की टिकत नाही. पाव तास म्हणा. मग त्याचाच प्रोटॉन होतो. एक इलेक्ट्रॉन बाहेर पडतो, आणि बरोबर एक प्रतिन्यूट्रिनो. तेच प्रोटॉनच्या सोबतीला असला की काही होत नाही त्याला. जन्मभर न्यूट्रॉनच राहतो.”

बाईंनी कपाळाला हात लावला. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी एका जुन्या गजराच्या घड्याळाचं यंत्र करड्या गोळ्यात घातलं आणि वर फिरत्या पट्ट्या लावल्या. गोळा एकटा राहिला की घड्याळ चालू. पाव तास झाला की पट्ट्या उलटत, करड्याचा लाल होई आणि बाजूने एक मणी टपकन पडे. जोडलेला असला की घड्याळ बंद. एकदा लाल झालेला गोळा पुन्हा करडा करायला वर्कशॉपमध्ये न्यावा लागे, म्हणून बाईंनी असे चार गोळे केले. पहारेकऱ्याने रजेचा अर्ज दिला.

“हा मणी म्हणजे इलेक्ट्रॉन,” वन्सं म्हणाल्या. “प्रतिन्यूट्रिनो कुठे आहे?”

“तो दिसतो का?”

“नाही.”

“कशाला अडतो का?”

“जवळजवळ नाहीच. अख्ख्या पृथ्वीतून आरपार जातो.”

“मग तो गेला,” बाई म्हणाल्या. “आत्ताच गेला. तुमच्यातून गेला असेल.”

वन्सं स्टुलावर बसल्या. पूर्ण कप चहा होईतो त्यांनी विचार केला आणि मग म्हणाल्या, “बरोबर आहे.” बाई त्या दिवशी घरी जाताना गुणगुणत होत्या. इतक्या वर्षांत वन्संना निरुत्तर करायची ही पहिलीच वेळ, आणि तीसुद्धा न दिसणाऱ्या वस्तूवरून.

मग वन्सं गोळीवर आल्या.

संध्याकाळची वेळ होती. दोघी स्वयंपाकघरात होत्या, बाई पोळ्या लाटत होत्या आणि वन्सं काकडी चिरत होत्या. वन्सं सुरी थांबवून म्हणाल्या, “वहिनी, गोळीचं बघा.”

“गोळीचं काय?”

“खऱ्या न्यूट्रॉनच्या पोटात अशी काढून द्यायला ठेवलेली गोळी नसते. त्याचा कुठलाही तुकडा पडत नाही. तेच दोघं असतात, सगळेच्या सगळे, आणि तरी कमी भरतात. जातो तो फक्त उजेड. तुमच्याकडे तुकडा पडतोय, म्हणून वजन कमी होतंय. ते तर कुणाचंही होईल.”

बाईंनी लाटणं खाली ठेवलं. ह्याच्यावर उपाय नव्हता, हे त्यांच्या हातांना आधी कळलं. लोखंडाचा काहीही भाग न काढता ते हलकं करायचं कसब कुठल्याच वर्कशॉपात नाही.

“आणि गोळी काढूनच टाकली तर?”

“तर मॉडेल खरं. अगदी खरं. तुमचे लोहचुंबक चिकटतात ना, ती चिकटतानाची ऊर्जा खाड्कन आवाजात आणि उष्णतेत बाहेर जाते, आणि तेवढं वजन तेव्हाही कमी होतंच. फक्त इतकं कमी, की जगातल्या कुठल्या काट्यावर दिसणार नाही.”

“म्हणजे खरं असेल, पण काही दिसणार नाही.”

“हो.”

“आणि दिसायला हवं असेल तर खोटं.”

“हो,” वन्सं म्हणाल्या. “पोळी करपतेय.”

त्यानंतर वन्सं गोळीचा विषयच काढेनात. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. बाईंना हे टोचण्यापेक्षा वाईट वाटायला लागलं. वन्संनी टोचलं की निदान आपण कुठे आहोत ते कळायचं. आता त्या मॉडेलजवळून जाताना चष्म्याला हातही लावत नसत. बाई मुद्दाम त्यांच्यासमोर गोळे जोडत, गोळी टण्णदिशी वाटीत पडे, आणि वन्सं खिडकीबाहेर बघत.

समिती यायच्या दिवशी सकाळी वन्संनी इस्त्रीची साडी नेसली, पेनात शाई भरली आणि चहा पिता पिता म्हणाल्या, “मी बघितलं सगळं. मॉडेल चांगलं झालंय. सही करते मी.”

बाईंनी विचारलं नाही की गोळीचं काय. विचारायची गरजच नव्हती. वन्संनी हे चहाच्या कपाकडे बघून सांगितलं होतं. ह्याच वन्संनी एकदा आपल्याच सख्ख्या भावाला, तापाने फणफणलेला असताना, ‘तुझ्या लंबकाचा हेलकावा चुकलाय’ असं अंथरुणाशी जाऊन सांगितलं होतं. आता त्यांना खोटं बोलायचं होतं आणि ते त्यांना जमत नव्हतं. बाईंना त्या क्षणी वन्संबद्दल इतकी माया वाटली की त्यांचा त्यांनाच राग आला. आणि लगेच दुसरं वाटलं, की करू दे की सही. एक सही. वर्कशॉप वाचेल, खिडक्या राहतील, लेथ राहील. कुणाचं काय बिघडणार आहे? बस येईपर्यंत बाईंना हेच वाटत होतं, आणि बसमध्ये बसल्यावरही.

संग्रहालयात पोचल्यावर वन्सं समितीच्या स्वागताला गेल्या. बाई एकट्याच नव्या दालनात गेल्या. मॉडेल कापडाखाली झाकलेलं होतं. त्यांनी कापड काढलं, स्क्रू ड्रायव्हर घेतला, करड्या गोळ्याचं झाकण उघडलं, गोळी काढली, तिची स्प्रिंग काढली, आणि खटकाही काढला. भोकात लाकडाची खुंटी ठोकून वर करडा रंग फासला. वाटीही उचलली. हात नेहमीसारखे चालत होते. डोळ्यांतून मात्र पाणी येत होतं, आणि दालनात कुणी नव्हतं म्हणून त्यांनी ते येऊ दिलं.

समितीत पाच जण होते. अध्यक्ष एक वयस्कर डॉक्टर, बाकीचे त्यांच्यामागून चालणारे. संचालकांनी मान हलवत सगळ्यांना मॉडेलभोवती उभं केलं.

“बाई, दाखवा.”

बाईंनी दोन गोळे पन्हळीच्या दोन टोकांना नेले. काट्याने आकडा दाखवला. गोळे सरकवले. खाड्. काट्याने तोच आकडा दाखवला.

सगळे वाट बघत राहिले. वन्सं वाटी असायची त्या जागेकडे बघत होत्या.

“कमी कधी होणार?” अध्यक्षांनी विचारलं.

“झालं,” बाई म्हणाल्या.

“आकडा तर तोच आहे.”

“हो. काट्याला दिसत नाही तेवढं झालं.”

मागे उभा असलेला एक सदस्य हसला आणि खोकला आल्यासारखं केलं. संचालकांनी मान हलवायची थांबवली. “बाई, परवा तर दिसत होतं.”

“परवाचं खोटं होतं,” बाई म्हणाल्या. “ते काढलं.”

बाईंनी पहारेकऱ्याला खूण केली. त्याने पट्टा आवळला आणि गोळे ओढले. बराच वेळ काही झालं नाही. त्याचा चेहरा लाल झाला. मग ते सुटले.

“आता हे पुन्हा आधीइतके जड झाले,” बाई म्हणाल्या. “ह्याने घाम गाळून दिलं तेवढे.” काट्यावर अर्थातच तोच आकडा होता. समितीने आकड्याकडे पाहिलं आणि मग पहारेकऱ्याकडे, कारण बघण्यासारखं तेवढंच होतं.

संचालकांनी कागद पुढे केला. त्यांचा आवाज सौम्य झाला होता, कारण पडदा आता लागणारच हे त्यांना कळलं होतं. “सल्लागार बाई, औपचारिकता म्हणून. यात खोटं काही?”

वन्संनी चष्मा कपाळावर नेला. मॉडेलभोवती फिरल्या. चष्मा खाली घेतला, पुन्हा फिरल्या. करड्या गोळ्यावरच्या ओल्या रंगाला त्यांनी बोट लावलं आणि ते बोट साडीला पुसलं. इस्त्रीच्या साडीला. मग बाईंकडे पाहिलं. बाई काट्याकडे बघत होत्या.

“काही नाही,” वन्सं म्हणाल्या. आवाज वर्गात मागच्या बाकापर्यंत जावा तसा खणखणीत. “हे वागतं ते सगळं खरं आहे.” आणि त्यांनी सही केली, कागदाच्या निम्म्या रुंदीची.

अध्यक्षांनी घसा साफ केला. मॉडेल निर्दोष आहे याबद्दल समितीने समाधान व्यक्त केलं, आणि येणाऱ्या लोकांना काहीतरी दिसावं म्हणून तिथे पडदा बसवावा असं एकमताने ठरवलं. संचालक बाईंना म्हणाले की सही झाली तर वर्कशॉप राहील हा आपला शब्द होता, पण समितीचा ठराव शब्दाच्या वर असतो, आणि त्यांना खरंच वाईट वाटतंय. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. उपाहारगृहाची खोली मात्र त्यांनी त्याच दुपारी मोजून घेतली.

बाईंना तिकीटखिडकीवर बदली मिळाली. वर्कशॉप आवरायला आठवडा दिला होता. शेवटच्या दिवशी वन्सं मदतीला आल्या. त्यांना हत्यारातलं काही कळत नव्हतं, म्हणून त्या भिंतीवरच्या आकृत्या बघून विचारत, हे काय, ते काय, आणि बाई सांगत. लेथला कापड गुंडाळताना वन्सं पाठ फिरवून म्हणाल्या, “मी सही करणार होते. गोळी असतानाच करणार होते.”

“माहीत होतं मला.”

“मग कशाला काढलीत? तुमच्यासाठीच करत होते ना मी.”

“म्हणून तर काढली,” बाई म्हणाल्या. “वर्कशॉप गेलं तर जाऊ दे म्हटलं. तुम्ही तसं करून घरी आल्या असता, आणि रोज माझ्यासमोर जेवायला बसल्या असता. मला नसतं बघवलं.”

वन्संनी कापडाची गाठ मारली. ती चुकीची होती, सुटली. पुन्हा मारली. त्यांचं नाक लाल झालं होतं. बाई येऊन त्यांच्याशेजारी उभ्या राहिल्या आणि कापडाचं दुसरं टोक धरलं. खिडक्यांमधून ऊन रिकाम्या बाकावर पडलं होतं.

“दादाला एवढं काही वाटलं नसतं,” वन्सं म्हणाल्या. “वर्कशॉप गेल्याचं. तो म्हणाला असता, ठीक आहे.”

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. वन्सं गाठीकडे बघत होत्या. दादा ह्या खोलीसाठी तीन संचालकांशी भांडला होता आणि एकदा दाराला आतून कडी लावून दोन दिवस बसला होता, हे दोघींनाही ठाऊक होतं. तेव्हा डबा घेऊन वन्संच आल्या होत्या.

“हो,” बाई म्हणाल्या. “ठीक आहे म्हणाला असता.”

मग त्यांनी वन्संच्या हातून गाठ घेतली, घट्ट मारली, आणि दोघी दिवे बंद करून घरी गेल्या.